मशीनचे मामा

मामांच्या वजनाबद्दल कोणी चांगलं बोललं, असं त्यांच्या आयुष्यात फारसं घडलं नाही. उभी हयात त्यांनी ट्रकच्या वजनकाट्यावर काढली. गाडी काट्यावर चढायची, मामा केबिनमधून आकडा वाचायचे आणि पावती फाडायचे. ते बाहेर आले की ड्रायव्हर म्हणायचे, मामा, जरा लांब उभे राहा, तुमचं वजन आमच्या मालात धरलं जातंय. मामा हसायचे, कारण हसण्यावाचून दुसरा इलाज नव्हता. मग एक दिवस काटा आपला आपणच आकडे वाचायला आणि पावत्या फाडायला लागला. मालकाने मामांच्या हातात एक भिंतीवरचं घड्याळ ठेवलं आणि त्यांना मोकळं केलं. ज्याला आता कुठेच वेळेवर जायचं नाही आणि ज्याच्याकडे भिंतही नाही, त्याला घड्याळ देण्यात काय शहाणपण होतं, ते मालकालाच ठाऊक.

मामांचं लग्न झालं नव्हतं. काट्याची केबिन हेच त्यांचं घर. ते गेलं, तेव्हा घड्याळ आणि एक पिशवी घेऊन ते थोरल्या बहिणीकडे आले. ताईच्या मुलीने लहानपणी ‘मामा’ म्हणायला सुरुवात केली होती. ती लग्न होऊन गेली तरी नाव मागे राहिलं, आणि आता भाऊजींपासून दूधवाल्यापर्यंत सगळेच त्यांना मामा म्हणत.

भाऊजींचं घराच्या पुढच्या खोलीत टायपिंगचं दुकान होतं. अर्ज, शाळेच्या प्रश्नपत्रिका, लग्नाची निमंत्रणं, हरवलेल्या मांजरांच्या जाहिराती, जे येईल ते. एक प्रिंटर, एक कॉम्प्युटर, आणि त्याला सगळे ‘मशीन’ म्हणत. भाऊजी हिशेबी माणूस. काटकसर आणि कंजुषी यांच्यामध्ये जी रेघ असते ती त्यांनी फार पूर्वीच खोडून टाकली होती. ‘खायला काळ आणि भुईला भार’ हे ते कोणाला उद्देशून म्हणत नसत. भिंतीकडे बघून म्हणत. पण मामा नेमके त्या भिंतीला टेकून बसलेले असत.

शेवटी एकदा जेवताना भाऊजींनी ताईला सांगितलं की महिनाअखेरपर्यंत मामांनी दुसरीकडे सोय बघावी. मामा समोरच होते, पण निरोप ताईमार्फत गेला. ताईची अवस्था इकडे आड तिकडे विहीर. तिने या धाकट्या भावाला कडेवर घेऊन वाढवलं होतं. तिच्या हातातला वाढायचा चमचा जरा जोरात भांड्यात पडला. मामांनी डोक्यात सगळी ओळखीची माणसं फिरवून पाहिली. कुठेच सोय नव्हती. महिना मात्र होता तेवढाच होता आणि भराभर संपत होता.

अशात एका सकाळी भाऊजींनी मशीनचं बटण दाबलं आणि पडदा काळाच राहिला. टेबलाशेजारी जमिनीवर ठेवलेल्या डब्याच्या पोटातून नुसता आवाज आला : एक लांब, दोन आखूड. भाऊजींनी जगभर करतात तोच पहिला उपचार केला, म्हणजे डब्याला उजवीकडून चापट मारली. मग दुसरा उपचार केला, तो डावीकडून. मग नाइलाजाने उद्यारावाला फोन लावला.

उद्याराव हा त्या भागातला एकमेव दुरुस्तीवाला. कुठलाही बिघाड सांगा, त्याचं उत्तर एकच, “उद्या येतो.” त्यामुळे त्याचं खरं नाव लोक विसरून गेले होते. तो येत नसे, पण फोनवर मात्र अगदी जीव ओतून सांगे. हा आवाज मेमरीचा, तो म्हणाला. आत बोटाएवढी रुंद एक हिरवी पट्टी असते, तिला रॅम म्हणतात. मशीन आत्ता या क्षणी काय करतंय ते सगळं ती लक्षात ठेवते, तिची मान जरा सैल झाली की मशीन आंधळं. पट्टी काढा, तिचे सोनेरी दात खोडरबराने पुसा, पुन्हा बसवा आणि टक् असा आवाज येईपर्यंत दाबा.

भाऊजींनी पट्टी काढली, पुसली आणि परत बसवली, पण दाबायची वेळ आली तेव्हा त्यांना पट्टीची किंमत आठवली. मोडली तर नवी घ्यावी लागेल या भीतीने त्यांनी तिला तान्ह्या बाळाला टोपी घालावी तशी हलकेच टेकवली. टक् आवाज आला का, असं उद्यारावाने विचारलं. आवाज काही आला नव्हता. पण आपल्याला एखादी गोष्ट जमली नाही हे कबूल करणारे भाऊजी नव्हते, म्हणून ते म्हणाले, आला. डबा बंद केला, बटण दाबलं, आणि पुन्हा एक लांब, दोन आखूड.

भाऊजी डोक्याला हात लावून बसले. मामांना वाटलं, काही करता येत नसलं तरी माणसाने अशा वेळी शेजारी तरी बसावं. त्यांनी कोपऱ्यातलं लाकडी स्टूल ओढलं आणि डब्याशेजारी बूड टेकलं. पडद्यावर उजेड आला. मामा आनंदाने ताईला सांगायला उठले. पडदा काळा झाला. ते बसले. उजेड आला.

भाऊजींनी पुन्हा फोन लावला. उद्यारावाने मामांच्या उठण्या-बसण्याचं काहीच नीट ऐकलं नाही, पण दुरुस्तीचा मोठा नियम तेवढा सांगितला : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कशाने चाललं ते कळत नाही. त्याला म्हणायचं होतं की वायर बदला, पट्टी बदला, पट्टीची खाच बदला. भाऊजींकडे सुटे भाग नव्हते. सुटी माणसं मात्र होती.

मग मोठ्या शिस्तीत तपास सुरू झाला. मामांना उठवून ताईला बसवलं. बंद. ताईला उठवून भाऊजी स्वतः बसले. बंद. भाऊजी म्हणजे पाप्याचं पितर, त्यांच्या बसण्याची स्टुलालाही दखल घ्यावीशी वाटली नसेल. चष्म्याशिवाय मामा. चालू. गप्प मामा, चालू. बोलते मामा, चालू. मामांचा नुसता सदरा स्टुलावर ठेवला, बंद. अर्ज टाइप करायला आलेल्या एका गृहस्थांनाही बसवून पाहिलं. ते बिचारे आपल्या अर्जाचाच हा भाग आहे असं समजून ताठ बसून राहिले, पण मशीन बंद. शेवटी कागदाचे गठ्ठे एकावर एक रचले. मशीन चालू व्हायच्या आत आधीच खिळखिळ्या झालेल्या स्टुलाचाच पाय मोडला, आणि भाऊजींनी नुकसानीकडे बघून तो प्रयोग तिथेच थांबवला. लोखंडी स्टूल आणून मामांना त्यावर बसवलं. चालू.

“शास्त्र मला कळत नाही,” भाऊजी ताईला म्हणाले, “पण निकाल कळतो. मशीनला मामा लागतात.”

मामांना मात्र कारण कळलं होतं. ज्याने हयातभर काट्यावर पाय ठेवलेत त्याच्या तळव्यांना जमिनीची कुरकूर ऐकू येते. त्या कोपऱ्यात पूर्वी पाण्याची टाकी होती. ती मातीने बुजवून वर फरशी घातलेली होती आणि फरशीखाली आता पोकळी झाली होती. मामा बसले की फरशी केसभर खाली जाई, डबा भिंतीकडे कलत असे आणि आत जे काही सैल होतं ते जागेवर टेकत असे. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मामांनी ते वाक्य गिळलं. लोक दुसऱ्याला मामा बनवतात, इथे मामांनीच भाऊजींना बनवलं. त्यांना त्याची लाज वाटली आणि आनंदही झाला, आणि खरं सांगायचं तर आनंद जरा जास्तच झाला.

कारण महिना संपला आणि कोणी काही बोललं नाही. उलट लोखंडी स्टुलावर उशी आली. चहा जागेवर यायला लागला. भाऊजी, जे कालपर्यंत मामांच्या ताटातल्या भाताची डोळ्यांनी मापं घेत होते, ते स्वतःच्या हाताने दुसऱ्यांदा वाढायला लागले. सकाळी दुकान उघडताना हाक यायची, “मामा, आलात का?” काटा आपोआप चालायला लागल्यापासून त्यांची वाट कोणी पाहिली नव्हती. एका यंत्राने त्यांना उठवलं होतं, दुसऱ्याने बसवलं.

हळूहळू गिऱ्हाइकांनाही सवय झाली. मामांना उठायचं झालं की ते आधी हात वर करत. मग रांगेतलं कोणीतरी म्हणे, मामा उठतायत, सेव्ह करा. भाऊजी सेव्ह करत, मशीन रीतसर बंद करत, मामा मोरीकडे जाऊन येत, मशीन पुन्हा सुरू होई. कोणाला घाई असली तर तो मामांना आधीच विचारून घेई, काही लागलंय का. एका नव्या बाईंनी विचारलं, हे गृहस्थ कोण? भाऊजींनी मान वर न करता सांगितलं, “हे मशीनचे.” आणि बाईंनी नमस्कार केला.

हसण्याची मात्र पंचाईत झाली. मामा हसले की त्यांचं पोट हलायचं, पोट हललं की फरशी, फरशी हलली की डबा. एका माणसाने शेजाऱ्याच्या कोंबड्याविरुद्ध तक्रार लिहून घ्यायला सुरुवात केली. कोंबडा पहाटे आरवतो हे ठीक, पण तो मुद्दाम माझ्याच खिडकीकडे तोंड करून आरवतो, असं त्याचं म्हणणं होतं. मामांनी ओठ दाबून धरले, श्वास रोखला, दुसरीकडे पाहिलं. शेवटी फुटलेच. अख्खी तक्रार कोंबड्यासकट गेली. त्या दिवसापासून गमतीदार मजकूर आधी बाहेरच्या पायरीवर वाचून दाखवायचा, असा भाऊजींनी नियम केला.

असं सगळं छान चाललं असताना मामांना जिना चढताना दम लागला. ताई त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी छाती तपासली, मग मामांना वजनाच्या यंत्रावर उभं केलं. आकडा बघून त्यांनी चष्मा काढला. वजन उतरवा, त्या म्हणाल्या, रोज चाला, दिवसभर एका जागी बसून राहू नका, नाहीतर हृदयाची हमी मी देणार नाही. मामा घाबरले, पण हृदयाच्या काळजीने नव्हे. वजन उतरलं तर मशीन बंद, आणि मशीन बंद तर पुन्हा पिशवी आणि घड्याळ.

त्या दिवशी ताईने त्यांच्या पुढ्यात उकडलेली भाजी ठेवली. भाऊजींनी डॉक्टरांचा सल्ला ऐकून घेतला, मान डोलावली, आणि ताई आत वळताच लोण्याचा गोळा मामांच्या भाजीवर सोडला. मामांनी तो निमूटपणे खाल्ला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ताई आत वळलीच नाही.

“माझा भाऊ म्हणजे काय पोतं आहे?” ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. पण भाऊजींच्या हातातला चमचा लोण्यासकट हवेतच राहिला आणि नंतर आपल्याच ताटात उतरला.

ताई रोज सकाळी मामांना चालायला पिटाळू लागली. मामा उतरायला लागले. पँटला दोरी आली, जिन्यावरचा दम कमी झाला, आणि व्हायचं तेच झालं. मशीन मधेच गोठू लागलं. अर्ध्या ओळीवर अक्षरं थांबायची, मग पडदा निळा, मग काळा, मग एक लांब, दोन आखूड. भाऊजी काळजीने मामांकडे बघायचे आणि विचारायचे, आज बरं वाटत नाही का? मामांना मान वर करवत नसे.

मग ताईने एक दिवस मामांच्या स्टुलाला खेटून खुर्ची टाकली. भाजीची टोपली घेऊन ती तिथे बसली, आणि मशीन सुरू झालं. तिला फरशीचं काही कळलं होतं असं नाही. तिचा हिशेब साधा होता : भाऊ कमी पडतोय, तर बहिणीने शेजारी बसावं. दिवसभर ती तिथून हलली नाही. भाजी तिथेच निवडली, कपडे तिथेच शिवले, आणि उठायच्या वेळी गुडघा धरून दोनदा खाली बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी तिने गुडघ्याला फडकं बांधलं आणि मामांनी पाहू नये म्हणून वर साडी ओढून घेतली.

मामांनी पाहिलं होतं. त्यांनी हात वर केला. रांगेतून कोणीतरी सेव्ह करा म्हणालं. भाऊजींनी सेव्ह केलं. पण मामा उठले नाहीत.

“भाऊजी, माझ्यात काही नाही,” ते म्हणाले. “इथली फरशी पोकळ आहे. वजन पडलं की डबा कलतो आणि आतलं काहीतरी टेकतं. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.”

दुकानात चार माणसं होती, ती एकदम आपापले कागद वाचायला लागली. भाऊजींनी कीबोर्डवरून हात काढून घेतले.

“मग बोलला का नाहीत?”

“महिना संपत आला होता,” मामा म्हणाले.

भाऊजींनी तोंड फिरवलं आणि उद्यारावाला फोन केला. त्यांच्या आवाजात काय होतं कोण जाणे, पण उद्याराव खरोखर आला, तेही त्याच दिवशी. असं येण्याची त्याला इतकी कमी सवय होती की घर कुठलं ते त्याला शेजाऱ्यांना विचारावं लागलं. त्याने डबा उघडला, आत बोट घातलं आणि अंगठ्याने पट्टी दाबली. टक् असा आवाज झाला. तो सगळ्यांनी ऐकला. ही कधी नीट बसलीच नव्हती, उद्याराव म्हणाला, शेवटची कोणी बसवली? भाऊजी छताकडे बघत होते, जणू तिथे कोळ्याचं जाळं शोधणं अत्यंत तातडीचं होतं. उद्यारावाने डब्याखाली पुठ्ठा सरकवला, मेमरी तपासायचा प्रोग्राम लावला, सगळं स्वच्छ निघालं. मग तो मामांना म्हणाला की आता उठायला हरकत नाही.

मामा उठले. पडदा तसाच उजळ राहिला. ताई उठली, तरीही. मामा दारापर्यंत गेले, परत आले. मशीनला काहीही फरक पडला नाही.

त्या रात्री जेवताना भाऊजी मान खाली घालून भात कालवत राहिले. जा म्हणाले नाहीत, राहा म्हणाले नाहीत. मामांनी ठरवलं की कोणी सांगायच्या आत मानाने गेलेलं बरं. काट्यावरचा एक जुना सोबती लाकडाच्या वखारीत राखणदार होता, त्याच्या खोलीत नुकतीच अर्धी जागा रिकामी झाली होती. सकाळी मामांनी पिशवी भरली. ताई रडली, आणि नको जाऊ असंही म्हणाली. पण मामा थांबले होते ते भाऊजींच्या तोंडून ऐकायला. भाऊजी दारापर्यंत आले, बस वेळेवर असते एवढंच म्हणाले आणि आत गेले.

वखारीत मामांना फाटकाशी बसायचं काम मिळालं. काम सोपं होतं. तिथेही स्टूल होतं, पण ते बसले काय आणि उठले काय, जगात कुठेही दिवा लागत नव्हता की विझत नव्हता. मोरीकडे जाताना त्यांचा हात आपसूक वर जायचा. सोबत्याने एकदा विचारलं, कोणाला बोलावतोयस? मामा म्हणाले, कोणाला नाही. त्यांना त्या दुकानाची फार आठवण यायची, आणि खोटेपणाने मिळालेली जागा आपल्याला एवढी का आवडावी याचं त्यांना वाईट वाटायचं.

एका दुपारी फोन आला. भाऊजींचा. त्यांनी याआधी मामांना कधी फोन केला नव्हता, फुकटचा खर्च म्हणून. मशीन बंद पडलंय, ते घाईघाईने म्हणाले, तोच आवाज, एक लांब, दोन आखूड, शाळेच्या प्रश्नपत्रिका अडकल्यात, यायला जमेल का? मामांनी विचारलं, उद्याराव? भाऊजी म्हणाले, तो उद्या येतो म्हणाला.

मामा पुढच्याच बसने निघाले. दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं. ताई आतल्या दारात उभी होती आणि पदराने तोंड पुसत होती. ती रडत होती की हसू लपवत होती ते कळेना. लोखंडी स्टूल होतं त्याच जागी होतं आणि त्यावरच्या उशीला नवीन अभ्रा होता. भाऊजी काळ्या पडद्यासमोर हाताची घडी घालून बसले होते.

“कधीपासून बंद आहे?” मामांनी विचारलं.

“बरेच दिवस,” भाऊजी म्हणाले, आणि मग घाईने, “म्हणजे, सकाळपासून.”

मामा टेबलाखाली वाकले. आता त्यांना वाकता येत होतं. वायरची पिन बोर्डातून निघून फरशीवर आडवी पडली होती. वीज नसलेलं मशीन हूं की चूं करत नाही, मग त्याचं एक लांब आणि दोन आखूड कुठलं? मामा तसेच वाकलेले राहिले, कारण त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते भाऊजींना दिसायला नको होते. मग त्यांनी मान वर केली. भाऊजींचे कान लालबुंद झाले होते.

“भाऊजी,” मामा म्हणाले, “पिन काढलेली आहे.”

“माहीत आहे. मीच काढली,” भाऊजी म्हणाले. “तुम्ही आधी बसा, मग लावतो.”